हललेला थर

पळस फुलला की आमच्या भूगर्भशास्त्र विभागातलं लोखंडी कपाट उघडतं. वर्षभर एकमेकांवर पडून राहिलेल्या हातोड्या बाहेर निघतात, होकायंत्राची काच कुणीतरी ओढणीने पुसतं, खडकावर टाकून बघायच्या ॲसिडच्या बाटल्यांची बुचं घट्ट आहेत ना ते पाहिलं जातं. परवा तिसऱ्या वर्षाची मुलं हे करत होती. मी एम.एस्सी.च्या वर्गाकडे जाता जाता दारात थांबले. एका मुलीने विचारलं, "ताई, तुमचा प्रोजेक्ट कशावर होता?"

"भूकंपावर," मी म्हटलं.

"आपल्याइकडे कुठी भूकंप येते जी?"

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि परत बाटल्यांकडे वळली. मीही वर्गात जाऊन बसले. पण तो मागच्या वर्षीचा फेब्रुवारी-मार्च तेव्हापासून डोक्यात आहे. तो आठवतो म्हणजे फार काही दाटून येतं असं नाही. हात अवघडून झोपलं की सकाळी तो हात आपलाच असतो, पण दुसऱ्याचा वाटतो. तशी ती आठवण आहे.

आमचं गाव गडचांदूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. एका अंगाला कापसाची वावरं, दुसऱ्या अंगाला चुनखडीची खदान. फेब्रुवारीत कापसाची पऱ्हाटी उपटून झालेली असते, वावरं उघडी पडतात आणि खदानीकडची धूळ थेट घरात येते. बाभळीचा पाला करडा, गोठ्याची कौलं करडी, दोरीवरचे कपडे करडे. चंद्रपूरला कॉलेजला जाताना मी एसटीत बसायच्या आधी बॅग झटकायचे. मैत्रिणींना वाटायचं ही सवय आहे. सवयच होती.

बाबा त्या खदानीत ठेकेदाराकडे ड्रिलवर होते. ते मशीन दोन्ही हातांनी दाबून धरायचं असतं. ते खडकात भोकं पाडतं, भोकांत दारू भरतात, आणि दुपारी भोंगा वाजला की खडक उडवतात. मी शाळेत जायला लागल्यापासून बाबांचं हेच काम. संध्याकाळी घरी आल्यावरही त्यांचे हात जरा वेळ थरथरत असायचे. पाण्याचा गंज तोंडाला लावला की गंजातल्या पाण्यावर बारीक गोल उमटायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असं पाणी पितात.

आता ते ड्रिलवर नाहीत. गेटवर बसतात, ट्रक आला की अडसराचा दोर सोडतात.

प्रोजेक्टसाठी मॅडमनी मला माझ्याच गावाजवळचा नाला दिला. बाकीच्यांना दूर जायचं होतं. कुणी सिरोंचाकडे, जिथे खडकात मासे सापडतात, झाडांची खोडं सापडतात. मला थोडं वाईट वाटलं होतं. आमच्या चुनखडीत एक शिंपलासुद्धा नाही. हा खडक साचला तेव्हा इथे समुद्र होता, पण त्यात शिंपला करणारंसुद्धा कुणी नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "काही नाही असं वाटतं ना? ये, दाखवते."

नाल्याच्या काठाला पाण्याने खडक उभा कापला आहे. त्यात बोटाएवढ्या जाडीचे थर, एकावर एक, इतके सरळ की पट्टी ठेवून आखल्यासारखे. कंबरेइतक्या उंचीवर मॅडमनी हातोडीचं टोक टेकवलं. तिथे एक वीतभर जाडीचा पट्टा होता आणि त्यातले पापुद्रे सगळे चुरगळलेले होते. कुठे वळ्या पडलेल्या, कुठे पापुद्रा फाटून त्याचे तुकडे तिरपे उभे, कुठे खालचा गाळ जिभेसारखा वर घुसलेला. जमिनीवर अंथरलेल्या चादरीवरून कुणी घाईत पाय घासत गेलं की ती जशी होते, तसं. आणि त्याच्या लगेच वर, पुन्हा सरळ थर. खालीही सरळ.

"याचा अर्थ काय?" मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, "मधेच काहीतरी झालं असावं, मॅडम."

"काय झालं असावं?"

मला उत्तर येत नसलं की मी गप्प बसते, आणि येत असलं तरी बहुतेक वेळा बसते.

मॅडमनी सांगितलं ते मी अजून माझ्या शब्दांत नीट सांगू शकेन की नाही, माहीत नाही. समुद्राच्या तळाशी गाळ साचत होता. एक दिवस जमीन हादरली. खालचे थर तोवर दबून घट्ट झाले होते, त्यांना काही झालं नाही. वरचे थर तर अजून साचायचेच होते. जो गाळ त्या वेळी ओला होता, तेवढाच हलला. त्यातलं पाणी वर पळायला लागलं, गाळ पातळ झाला, घड्या पडल्या, आणि हादरा थांबल्यावर त्या घड्या तशाच राहिल्या. नंतर वर पुन्हा गाळ पडत गेला, शांतपणे, जसं काही झालंच नाही. मग सगळ्याचा दगड झाला.

हे मला पटकन कळलं, कारण आम्ही पैनगंगेच्या पात्रात हा खेळ खेळलेलो आहोत. ओल्या रेतीवर एका जागी पाय आपटत राहायचं. आधी रेती घट्ट लागते, मग थलथलते, दह्यासारखी होते, पाणी वर येतं आणि पाय आत जातो. आई ओरडायची, "निंघा बाप्पा तिथून, गडप होसान." थांबलं की रेती पुन्हा कडक. पण वरचा भाग खरवडून पाहिला तर आत सगळं वेडंवाकडं झालेलं असणार. ते आम्ही कशाला पाहतो.

मॅडम म्हणाल्या, "पण लगेच भूकंप लिहायचं नाही. लाटांनीही असं होतं, उतारावरून गाळ घसरला तरी होतं. हाच थर दुसरीकडे सापडतो का बघ. खूप लांबपर्यंत एकाच थरात दिसला, वरचं-खालचं सपाट दिसलं, तर भूकंप म्हणायला जागा आहे."

म्हणून त्या हंगामात मी तो थर शोधत हिंडले. सकाळी आईने बांधून दिलेली भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन निघायचं, नाल्याच्या काठाकाठाने चालायचं, खडक उघडा दिसला की वाकून बघायचं. मोहाची फुलं पडायला लागली होती. पहाटे फुलं वेचायला आलेल्या बाया परत जाताना भेटायच्या. त्यांतल्या एका आजीबाईंनी एकदा टोपली खाली ठेवली आणि माझ्या भिंगातून दगड पाहिला.

"का दिसते व पोरी?"

"भूकंप दिसते आजी. लय जुना."

"मेलं कोणी?"

"नाई. तेव्हा कोणी नव्हतंच."

"मंग कायले शोधून राह्यली?" असं म्हणून त्यांनी टोपली डोक्यावर घेतली. त्यांचा प्रश्न मला अजून बरोबर वाटतो. जाणवायला कुणीही नसताना हादरलेली जमीन. ओरडलं कुणी नाही, धावलं कुणी नाही. फक्त ओला गाळ होता, त्याने जे झालं ते धरून ठेवलं.

आमच्या गावात जमीन रोजच हलते. दुपारी खदानीत भोंगा होतो, पाठोपाठ धक्का येतो, फडताळातली भांडी किणकिणतात, पत्र्यावरची धूळ खाली झरते. कुणी मान वर करत नाही. उलट त्यावरच सगळ्यांचं घड्याळ चालतं. भोंगा कधी ऐकू येतो, कधी वाऱ्यावर आला नाही तर येत नाही, पण धक्का चुकत नाही. धक्का आला की बाया चुलीवरून भात उतरवतात, वावरातली माणसं झाडाखाली येतात.

एके दिवशी मी नाल्यात होते. चुरगळलेल्या थराच्या समोर गुडघ्यावर बसून एका घडीचं माप घेत होते. पायाखालून धक्का गेला. काठावरचे दोन खडे घरंगळून पाण्यात पडले. माझ्या मनात आलं ते एवढंच, की ब्लास्टिंग झालं, म्हणजे जेवायची वेळ झाली. मी पट्टी ठेवली आणि भाकर सोडली. उन्हाकडे पाहिलं असतं तरी कळलं असतं. सूर्य डोक्यावर यायला अजून बराच अवकाश होता.

गावात तेच झालं. आईने भाजीची फोडणी अर्धवट टाकून भात उतरवला. तो कच्चा निघाला. शेजारच्या शांताबाई नवऱ्याचा डबा घेऊन वावरात पोचल्या तर तो म्हणाला, "आत्ता तं च्या पेऊन आलो, अन तू जेवाले आणलं?" शांताबाई दिवसभर खदानवाल्यांना बोलत होत्या, की यायले आता वेळ-काळ नाई उरला, मनात येते तेव्हा उडवतेत. दुपारी नेहमीच्या वेळी खरा भोंगा वाजला, खरा धक्का आला, तेव्हा सगळा गाव क्षणभर गोंधळला. मग कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली, की सकाळी आमच्या भागात हलका भूकंप झाला.

मॅडमचा फोन आला. "अगं, जाणवला का? तू तर तिथेच होतीस."

"हो मॅडम. पण मला ब्लास्टिंग वाटलं. मी जेवायला बसले."

मॅडम इतक्या हसल्या की फोन दूर धरावा लागला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनाही त्यांनी हे सांगितलं, तेही हसले, आणि मलाही पुढचं बोलणं सोपं गेलं. तो प्रसंग मी आता कुणालाही सांगू शकते. त्याच सकाळचा दुसरा भाग सांगता येत नाही.

संध्याकाळी बाबांसोबत त्यांचे सोबती महादेवभाऊ आमच्याकडे आले. ओट्यावर बसून त्यांनी तो किस्सा रंगवून सांगितला. सकाळी खदानीत चहाची सुट्टी होती, सगळी मशीनं बंद. माणसं दगडावर बसलेली. जमीन हलली. खदानीतल्या माणसांना ठाऊक होतं की अजून दारूच भरलेली नाही, म्हणून सगळे उठून पळाले.

"अन हे दामोदरभाऊ," महादेवभाऊ बाबांकडे हात करून म्हणाले, "बसूनच. च्या पेऊन राह्यले. आमी बोंबलून राह्यलो, भाऊ उठा, भाऊ उठा. तं म्हंते, काऊन, का झालं? हातातला च्या सांडला न, तरी यायले समजलं नाई. गरम च्या, हातावर. भूकंपबी यायले भेते."

बाबा हसले. मीही हसले. आई आत गेली.

मी मागोमाग गेले तर ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "आयकलं न? चार दिवसाआधी चुलीवरचं भगोनं तसंच उचललं त्यायनं. फडक्याबिना. मी म्हटलं चटका बसन, तं म्हंते, थंडं हाय." मग चुलीत लाकूड सरकवत म्हणाली, "शर्टाच्या गुंड्या मी लावून देतो रोज. तुले का वाटलं, लाड करतो म्हणून?"

मला तसंच वाटलं होतं.

थंडीत बाबांची बोटं पांढरी पडायची. टोकापासून मधल्या पेरापर्यंत, खडूसारखी. आम्ही सगळे म्हणायचो चुना आहे, धुऊन निघेल. खदानीतल्या सगळ्याच माणसांचे हात, भुवया, चपला पांढऱ्या असतात, त्यात बोटं वेगळी कुठून दिसणार? बाबा गरम पाण्यात हात बुडवून बसायचे. पाण्यात चुना उतरायचा आणि बोटं तरी पांढरीच राहायची, आणि तेही आम्ही पाहायचो.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, "बाबा, किती दिवसापासून?"

"का, किती दिवसापासून?"

"हात."

"अवं, मशीनवर सगळ्यायचे होते थोडं थोडं. बधिर येते अन जाते."

"मंग गेलं का?"

ते भात कालवत राहिले. "डॉक्टरले सांगू नोको कोणी," ते म्हणाले. मार्चमध्ये कामगारांची तपासणी असते, हे आम्हाला ठाऊक होतं. हात कामाचा नाही असं लिहिलं गेलं तर ठेकेदार ड्रिलवरून काढतो, आणि ठेकेदाराकडे दुसरं काम असेलच असं नाही. तपासणीत पास झाले तर काम राहतं, आणि मशीनही हातात राहतं. मी संध्याकाळीच हातांबद्दल नेटवर वाचलं होतं. मशीन थांबवलं तर उरलंसुरलं टिकू शकतं. नाही थांबवलं तर नाही. मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुह्यं कॉलेज होऊ दे आधी."

मी ताट उचललं. मला रडू आलं नाही, राग आला नाही. काहीतरी यायला हवं होतं. मी वाट पाहिली.

एका रविवारी बाबा माझ्यासोबत नाल्यात आले. तोवर मला तो थर नाल्याच्या पार वरच्या टोकापर्यंत सापडला होता, आणि नाला ओलांडून रेल्वेच्या रुळांसाठी कापलेल्या खडकातही. सगळीकडे वीतभर, सगळीकडे चुरगळलेला, वरखाली सपाट. मला तो कुणाला तरी दाखवायचा होता. बाबा दगड रोज फोडतात, पण असा उभा राहून पाहत नाहीत. त्यांनी नीट पाहिलं. मी सगळं सांगितलं. गाळ, पाणी, धक्का. ते म्हणाले, "असा गोटा आमी लय फोडला. मले वाटे, खराब माल हाय."

मग त्यांनी त्या घड्यांवर हात ठेवला. तिथे पावसाने मऊ भाग झिजून कठीण पापुद्रे पुढे आलेले आहेत, हात फिरवला की बोटांना एक एक घडी मोजता येते. मी रोज तसंच करायचे. बाबांनी बोटं वरून खाली नेली. पुन्हा नेली. मग मान वळवली, बाही वर सरकवली आणि मनगटाच्या वरचा, कोपराकडचा भाग दगडाला टेकवला. तसाच घासत खाली नेला. थांबले. पुन्हा वर.

"हाव," ते म्हणाले. "हाय. लाटावानी हाय."

आम्ही परत निघालो. पळसाखाली फुलांचा सडा पडला होता आणि त्यावरही धूळ होती.

प्रोजेक्ट लिहिताना मी प्रत्येक वाक्यात 'बहुधा' घालत होते. बहुधा भूकंपामुळे, बहुधा त्याच वेळी, बहुधा एकाच धक्क्याने. मॅडमनी लाल पेनने खुणा केल्या. "एकदा लिही. सारखं काय? तू चालून पाहिलंस ना सगळीकडे? मग सांग ना." मी बाकीचे बहुधा काढले. आता वाचताना ती वाक्यं दुसऱ्या कुणाची वाटतात. दगडाविषयी मी एवढ्या खात्रीने लिहिलं आहे. कधी झालं, कुठपर्यंत झालं, कोण तेव्हा मऊ होतं आणि कोण आधीच घट्ट झालेलं. घरात हे कधी सुरू झालं ते मला सांगता येत नाही. कुठल्या थंडीत बोटं पहिल्यांदा पांढरी झाली, कुठल्या संध्याकाळी थरथर थांबली आणि आम्हाला बरं वाटलं. गंजातल्या पाण्यावरचे गोल कधीतरी दिसेनासे झाले होते. मला वाटलं, बाबांना आता कामाची सवय झाली.

तपासणीच्या दिवशी बाबा म्हणाले, "तू चाल सोबत. डॉक्टर नवा हाय, इंग्रजीत बोलते म्हंते." आधी जाऊन आलेल्यांनी सांगितलं होतं की हा डॉक्टर ड्रिलवाल्यांना डोळे मिटायला लावतो, बोटांना कापूस लावतो आणि लागला का ते विचारतो.

"मंग का करसान?" आईने गुंड्या लावता लावता विचारलं.

"का करतो? हाव, हाव म्हणीन."

"अन लावलाच नसन तेव्हा हाव म्हटलं तं?"

"समजते न, माणूस बाजूले आला की समजते," बाबा म्हणाले. ते खुशीत होते. रस्त्याने जाताना मला म्हणाले, "तू मधात बोलू नोको. तुह्या तोंडावर सगळं दिसते."

दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. डॉक्टर तरुण होते, माझ्यापेक्षा फार मोठे नसावेत, आणि मराठी चांगलं बोलत होते. त्यांनी मला दाराशी उभं राहू दिलं. वजन झालं, छाती झाली. मग ते म्हणाले, "काका, हात पुढे करा. डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

बाबांनी दोन्ही हात तळवे वर करून टेबलावर ठेवले. डोळे घट्ट मिटले. मान जराशी कलती केली, कान दिल्यासारखी. बाहेर पंप चालू होता, त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. डॉक्टर आपल्या खुर्चीतून न उठता पुढे वाकले. कापूस अंगठ्याला टेकला. मग शेजारच्या बोटाला, मग मधल्या, मग पुढच्या, मग करंगळीला. मग दुसऱ्या हाताला, तसाच, सावकाश. बाबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. पेपर हातात पडायची वाट पाहणाऱ्या मुलासारखे ते लक्ष देऊन बसले होते. ओठ किंचित उघडे, हाव म्हणायला.

डॉक्टरांनी कापूस ट्रेमध्ये टाकला. माझ्याकडे पाहिलं. पंप चालू होता.

बाबा तसेच बसले होते, हात पुढे, डोळे मिटलेले.

"लावा न डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "मी तयार हाय."